अंडं आधी की सोसायटीची परवानगी?

वीकएंडला सिंहगड करून झाला, मल्टिप्लेक्स करून झालं, बाल्कनीत टोमॅटो लावूनही झाले. आता पुढचा नंबर कोंबडीचा! परसात दोन-चार कोंबड्या पाळणं हा शहरी नोकरदारांचा नवा छंद आहे. त्यात गंमत भरपूर आहे आणि जबाबदारीही. खुराड्याची ऑर्डर देण्याआधी हे वाचाच.

पुण्यात तक्रार कशाचीही होऊ शकते. वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांतून गळणाऱ्या पाण्याची, दुपारी एक ते चारच्या दरम्यान वाजलेल्या बेलची, गेटसमोर लावलेल्या स्कूटरची. पण मे २०१९ मध्ये समर्थ पोलिस ठाण्यात आलेल्या अर्जाने कहर केला. सोमवार पेठेतला एक कोंबडा भल्या पहाटे आरवतो आणि त्यामुळे झोपमोड होते, अशी ती तक्रार होती. आरोपी कोण, तर कोंबडा! बातमी देशभर गाजली आणि ‘पुणे तिथे काय उणे’ला आणखी एक पुरावा मिळाला.

हसू आलं ना? पण त्याच वर्षी फ्रान्समध्ये असाच खटला थेट कोर्टात गेला होता. ओलेरॉन बेटावरचा मॉरिस नावाचा कोंबडा पहाटे आरवतो म्हणून सुट्टीपुरते तिथे राहायला येणारे शेजारी वैतागले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये कोर्टाने निकाल दिला तो मॉरिसच्या बाजूने. पुढे जानेवारी २०२१ मध्ये फ्रान्सने चक्क कायदाच केला : गावाकडचे आवाज आणि वास हा त्या जागेचा वारसा आहे, असं सांगणारा.

म्हणजे भांडण कोंबड्याशी नाहीच मुळी. गाव कुठे संपतं आणि शहर कुठे सुरू होतं, याचं ते भांडण आहे. आणि या प्रश्नाचं उत्तर सध्या पुण्याइतकं कुणालाच अवघड जात नसेल.

कोंबडी शहरात आली की शहर कोंबडीकडे?

२०१७ मध्ये अकरा गावं पुणे महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी तेवीस. बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, नांदेड, किरकटवाडी, वाघोली, मांजरी... या गावांतल्या कोंबड्या कुठे गेल्या नाहीत. त्या होत्या तिथेच राहिल्या, शहरच त्यांच्या अंगणात येऊन उभं राहिलं. म्हणून अकराव्या मजल्यावरच्या काचेच्या बाल्कनीत कॉफी पिताना खालून ‘कुकूऽऽच कू’ ऐकू आलं तर दचकू नका. पाहुणे तुम्ही आहात!

दुसरीकडे, उलट्या दिशेने निघालेली मंडळीही आहेत. कुणाचा जुना बंगला आहे, कुणाचं रो-हाउस, कुणी मुळशी-पानशेतच्या बाजूला गुंठाभर जागा घेऊन ठेवलीय. आठवडाभर लॅपटॉप आणि शनिवारी खुराडं. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यातली जवळजवळ ३१ कोटी ७० लाख परसातली होती. आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेपेक्षा परसातल्या पक्ष्यांची संख्या ४५ टक्क्यांहून जास्त वाढली. अर्थात यातला सिंहाचा वाटा गावाकडच्या बायकांचा आहे, आयटीवाल्यांचा नव्हे. पण वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते कळतं.

आणि पुण्याचं कोंबडीशी नातं काही आजचं नाही. आधुनिक भारतीय पोल्ट्रीचे जनक मानले जाणारे डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये हैदराबादेत सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचं मुख्यालय पुण्यातच आहे. अंड्याचे भाव रोज जाहीर करणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे १९८२ ची आपली ‘एनईसीसी’, तीही पुण्याचीच. याच व्यंकीज समूहाने २०१० मध्ये इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब विकत घेतला. पुण्याच्या कोंबडीने प्रीमियर लीगमध्ये मारलेली ही उडी बघता, तुमच्या परसात ती आली तर नवल कसलं!

ऑफिसातली उतरंड, खुराड्यातली उतरंड

कोंबड्या पाळणाऱ्या दोन माणसांना एका टेबलावर बसवा. पहिला चहा संपेपर्यंत तुम्ही हरवलेले असता. ‘आमची खुडूक बसलीय’, ‘तलंगा आता महिन्याभरात अंड्यावर येतील’, ‘परवा मुंगसाने घात केला’... भाषाच वेगळी! तर आधी थोडं शब्दज्ञान. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. खुडूक म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसलेली. खुडूक कोंबडी रिकाम्या जागेवरही हट्टाने बसून राहते, हात लावला तर फुगते आणि टोचते. अंडी फलित असतील तर एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर.

सगळ्यात धमाल असते ती मात्र उतरंडीची. इंग्रजीत ज्याला ‘पेकिंग ऑर्डर’ म्हणतात आणि आपण जी रोज ऑफिसात भोगतो, तिचा शोध खुराड्यातच लागला. थॉरलाइफ शेल्डरुप-एब या नॉर्वेजियन माणसाने कोंबड्यांचं निरीक्षण करून १९२१ मध्ये दाखवून दिलं, की कुणी कुणाला टोचायचं याचा क्रम ठरलेला असतो. दाण्यावर आधी कोण, वरच्या काठीवर कोण झोपणार, सगळं ठरलेलं. नवी कोंबडी आली की आठवडाभर राडा, मग पुन्हा शांतता. अगदी अप्रेझलनंतरच्या आठवड्यासारखं!

कोंबडेही याला अपवाद नाहीत. जपानमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की कोंबडा उजेड बघून आरवत नाही, त्याच्या अंगातच घड्याळ असतं. २०१५ मध्ये त्यांनी पुढची गंमत शोधली : पहाटे पहिली बांग देण्याचा मान सगळ्यात वरच्या कोंबड्याचा. बाकीचे आपापल्या पायरीनुसार मागून. म्हणजे ‘कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही’ ही म्हण खरीच, पण कोंबड्यालाही तांबड्याची गरज नाही, हे तिला आता जोडून घ्यायला हरकत नाही.

आणि तिच्या पिवळ्या पायांकडे कधी नीट पाहिलंय? तो रंग बहुधा आपल्या शेजारचाच. कोंबडीचा मुख्य पूर्वज आग्नेय आशियातला लाल रानकोंबडा. पण २००८ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की पिवळ्या कातडीचं जनुक तिला राखी रानकोंबड्याकडून मिळालं असावं. हा राखी रानकोंबडा सह्याद्रीचा रहिवासी. ताम्हिणीच्या जंगलात पहाटे जी तुटक बांग ऐकू येते ती त्याची. ऐका, फोटो काढा, पण घरी आणायचा विचारही नको. तो वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.

जात बघून घ्या!

इथे तरी जात बघायला हरकत नाही. साधी गावरान कोंबडी काटक, पिल्लं उत्तम सांभाळणारी, पण वर्षाला साधारण साठ-ऐंशीच अंडी देणारी. सुधारित जातींमध्ये बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा आणि हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराजा व ग्रामप्रिया ही परसातली लोकप्रिय नावं. अंडी हवीत तर ग्रामप्रिया, अंडी आणि मांस दोन्ही हवं तर गिरिराजा किंवा वनराजा, असा ढोबळ हिशेब. सरकारी पिल्लं हवी असतील तर खडकीला पशुसंवर्धन खात्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. आधी चौकशी करून नाव नोंदवा आणि मगच गाडी काढा.

आणि कडकनाथ? मध्य प्रदेशातल्या झाबुआचा हा काळा कोंबडा, मांसही काळं. २०१८ मध्ये त्याला जीआय टॅग मिळाला आणि मागणी भडकली. पाठोपाठ २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातलं इस्लामपूरचं कडकनाथ प्रकरण उघड झालं. ‘पिल्लं घ्या, वाढवा, आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ’ या आश्वासनावर पैसे गुंतवलेल्या शेकडो शेतकऱ्यांचे हात पोळले. महेंद्रसिंग धोनीनेही रांचीच्या फार्मसाठी झाबुआत दोन हजार पिल्लांची ऑर्डर दिली होती, पण जानेवारी २०२१ मध्ये तिथे बर्ड फ्लू आला आणि ती रखडली. सांगायचं काय, तर हौस म्हणून चार कडकनाथ जरूर पाळा. ‘पॅसिव्ह इन्कम’ म्हणून मात्र नको.

आणखी एक. सिग्नलला, जत्रेत टोपलीभर गुलाबी-हिरवी पिल्लं विकायला येतात ना? ‘हाउ क्यूट’ म्हणून ती घेऊ नका. ती बहुतेक अंड्यांच्या हॅचरीतली नकोशी नर पिल्लं असतात, वर रंगात बुडवलेली. त्यातली फारच थोडी जगतात, आणि घरातल्या लहान मुलांना मरण कळतं ते असं.

हिशेब मांडू या का?

‘अंड्यांचा खर्च वाचेल’ हे कारण असेल तर आत्ताच पान उलटा. एक कोंबडी दिवसाला शंभर ते एकशेवीस ग्रॅम खाद्य खाते. तीन कोंबड्यांना महिन्याला दहा किलो लागलं असं धरा. ग्रामप्रियासारख्या तिघींकडून महिन्याला मिळतील सरासरी चाळीसेक अंडी. तेवढ्याच खाद्यात पोल्ट्रीतली लेअर कोंबडी जवळजवळ दुप्पट अंडी देते. तिला वर्षाला तीनशेच्या वर अंडी देण्यासाठीच घडवलंय. म्हणून किराणा दुकानातलं अंडं तुमच्या अंड्यापेक्षा स्वस्तच राहणार. आणि तपकिरी कवच म्हणजे जास्त पौष्टिक हाही गैरसमज. रंग जातीवर ठरतो, पोषण खाद्यावर.

मग मिळतं काय? ताजं अंडं मिळतं. भाजीचे देठ, कोथिंबिरीच्या काड्या, शिळी पोळी सत्कारणी लागते. बागेला उत्तम खत मिळतं (महिना-दोन महिने कुजवून मगच घाला, ताजं घातलं तर रोपं जळतील). आणि सकाळी मेल बघण्याआधी दुसऱ्या कुणाची तरी काळजी घ्यायची सवय लागते. तिची किंमत ज्याची त्याने लावायची.

शिवाय हाताला काम! खुराडं स्वतः बनवणं हा वीकएंडचा झकास प्रोजेक्ट आहे. जुनं कपाट, पॅलेटच्या फळ्या, दोन बिजागऱ्या आणि जाळी एवढ्यावर ते उभं राहतं. हार्डवेअरच्या दुकानात ‘चिकन मेश’ मागितलीत तर दुकानदार विचारेल, ‘प्लास्टर काढताय का?’ कारण तीच जाळी आपल्या इमारतींत काँक्रीट आणि विटांच्या सांध्यावर प्लास्टरखाली ठोकतात. कोंबडी नसली तरी तिची जाळी तुमच्या फ्लॅटच्या भिंतीत बहुधा आहेच! फक्त ती कोंबडीला आत ठेवते, घूस-मुंगसाला बाहेर ठेवत नाही. त्यासाठी जाड तारेची, बारीक चौकोनांची वेल्डमेश घ्या. पिल्लं झाकायला डालगं हवं असेल तर बुरूड आळीत चक्कर मारा. बांबू विणणारे हात पेठेत अजून आहेत, आणि प्लॅस्टिकच्या क्रेटपेक्षा हवा खेळणारं डालगं केव्हाही चांगलं.

आता जरा सीरियसली

फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो आपल्याच नवापूरमध्ये, नंदुरबार जिल्ह्यात. त्यानंतर तो येत-जात राहिला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात, जानेवारी २०२५ मध्ये उदगीरच्या कावळ्यांमध्ये. नागपूरच्या गोरेवाड्यात तर त्याने वाघ नेले. नियम असा आहे की कोंबड्यांमध्ये लागण सिद्ध झाली की त्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी मारले जातात. पोल्ट्रीतले हजारो आणि तुमच्या परसातल्या तीनही. तुम्ही त्यांना नावं ठेवली असतील, त्या ठणठणीत असतील, तरीही. सरकार भरपाई देतं, पण ती कोंबडीची, नावाची नव्हे. हा छंद घेताना हे आधी माहीत असलेलं बरं.

पुणेकरांना दुसरी आठवण ताजी असेल. २०२५ च्या सुरुवातीला पुणे परिसरात, विशेषतः सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गीया बारेचे दोनशेहून जास्त संशयित रुग्ण आढळले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. संशय मुख्यतः पाण्यावर होता, पण अफवांनी चिकनची दुकानं ओस पाडली. खरं काय? हा जंतू कोंबडीच्या पोटात तिला अजिबात त्रास न देता राहू शकतो. त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही, हात धुण्याचं आहे. खुराडं साफ केल्यावर, अंडी गोळा केल्यावर, प्रत्येक वेळी साबणाने. खुराड्याचं सांडपाणी विहिरीजवळ, पाण्याच्या टाकीजवळ जाऊ द्यायचं नाही. आणि कोंबडीला गालाशी धरून सेल्फी? नको म्हणजे नको!

परसातल्या कोंबडीचा सर्वांत जुना शत्रू मात्र मानमोडी, म्हणजेच राणीखेत. लस स्वस्त आहे आणि ती टाळायला काहीच सबब नाही. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा, आठव्या आठवड्याच्या आसपास आर-टू-बी. वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहूनच घ्या. या लसी बनवणारी सरकारी संस्था तर आपल्या औंधलाच आहे. पक्षी अचानक एकामागून एक मरायला लागले तर पुरून मोकळं होऊ नका, दवाखान्यात कळवा.

आणि शेजारी?

सगळ्यात महत्त्वाची बातमी शेवटी : अंड्यासाठी कोंबडा लागतच नाही! कोंबडी एकटीच्या जिवावर अंडी घालते, कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी. सोमवार पेठेचं प्रकरण टाळायचं असेल तर फक्त कोंबड्या पाळा. त्या अंडं घातल्यावर पाच मिनिटं बढाई मारतात, तेवढी सोसायटी चालवून घेईल. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. बेल्जियममधल्या संशोधकांनी कोंबड्याच्या कानाशी मोजलेली बांग शंभर डेसिबलच्या वर गेली. ती त्याला स्वतःला सहन होते, कारण चोच उघडली की त्याचा कान आतून जवळजवळ झाकला जातो. शेजाऱ्यांच्या कानांना मात्र निसर्गाने ही सोय दिलेली नाही.

घोळ एवढाच, की एक दिवसाच्या मिश्र पिल्लांमध्ये निम्मे कोंबडे निघतात आणि ते ओळखू यायला आठवडे जातात. म्हणून शहरात पिल्लांऐवजी तीन-चार महिन्यांच्या तलंगा घ्या. एकटी कोंबडी कधीच आणू नका, ती झुरते. तीन हा चांगला आकडा. रात्रीच्या खुराड्यात प्रत्येकीला निदान दोन चौरस फूट जागा, बसायला आडवी काठी, लोळायला कोरडी माती आणि राख. एप्रिल-मेमध्ये सावली आणि दिवसातून दोनदा गार पाणी. लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस कोरडं ठेवलं तर वास येत नाही. वास आला तर चूक कोंबडीची नाही, तुमची आहे. आणि हे सगळं करण्याआधी सोसायटीची लेखी संमती, महापालिकेकडे चौकशी. फ्लॅटच्या बाल्कनीत मात्र हा प्रयोग करू नका. तिला माती उकरायला हवी, टाइल्स नव्हे.

दोन वर्षांनंतरचा प्रश्न

दोन-तीन वर्षांनी अंडी कमी होत जातात. कोंबडी मात्र सहा-आठ वर्षं जगू शकते. मग? गावाकडच्या घरात या प्रश्नाचं उत्तर रविवारच्या रश्श्यात असतं आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तिथे कोंबडीला सहसा नाव नसतं. आपण शहरातले लोक आधी तिचं नाव ठेवतो, फोटो काढतो, आणि मग अडतो. उत्तरं तीनच आहेत : म्हातारपणापर्यंत सांभाळा, मोकळी जागा असलेल्या कुणाला तरी सोपवा, किंवा कापा. तिन्ही प्रामाणिक आहेत. रात्रीच्या अंधारात टेकडीवर किंवा नदीकाठी नेऊन सोडणं हे मात्र उत्तर नाही. तिथे कुत्री तिला सकाळ बघू देत नाहीत.

म्हणून जाळी आणायच्या आधी, नाव ठरवायच्या आधी, घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि हा एकच प्रश्न विचारा. सगळ्यांचं एकमत झालं तर समजा तुमची तयारी झाली. मग काय, खडकीला फोन लावा, बुरूड आळीतून डालगं आणा. आणि हो, पहिलं अंडं शेजारच्या काकूंना द्यायला विसरू नका. पुण्यात याहून भक्कम एनओसी नाही!